पडद्यावरचा तोतया पोलीस

संगणकावर एखादी बातमी वाचत असताना, क्रिकेटच्या सामन्याचे धावफलक पाहत असताना किंवा एखादा जुना चित्रपट शोधत असताना अचानक सारा पडदा व्यापून टाकणारे एक पान उघडते. वर अशोकस्तंभ, बाजूला पोलिसांचे बोधचिन्ह आणि मध्यभागी ठळक तांबड्या अक्षरांत सूचना असते की, आपण बेकायदेशीर मजकूर पाहिल्यामुळे आपला संगणक शासनाच्या आदेशाने कुलूपबंद करण्यात आला आहे. खाली कायद्याची दोन-तीन कलमे, आपल्या शहराचे नाव, इंटरनेटवरील आपला क्रमांक आणि उलट्या दिशेने धावणारे घड्याळ. ठरावीक तासांत दंडाची रक्कम कार्डाने भरली नाही तर अटक होईल, असा शेवटी दम दिलेला असतो. काही वेळा ध्वनिमुद्रित आवाजही मोठ्याने बजावू लागतो. पान बंद करू पाहावे तर फुली सापडत नाही आणि कळफलकावरची बटणे दाबूनही काही होत नसल्यासारखे वाटते. मोबाइलवरही हाच प्रकार घडतो.

या सदराच्या काही वाचकांनी याविषयी विचारणा केली. त्यांपैकी बहुतेकांनी ‘आमच्या एका ओळखीच्या माणसाला असे झाले’ अशी सुरुवात केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या फसवणुकीचे अर्धे बळ त्या संकोचातच आहे, हे पुढे येईलच. तूर्त प्रारंभीच निःसंदिग्धपणे सांगतो, की असे पान पोलिसांचे नसते. भारतातील कोणतेही पोलीस ठाणे, कोणतेही मंत्रालय किंवा कोणतेही न्यायालय नागरिकाच्या पडद्यावर पान उघडून दंड वसूल करीत नाही.

जुने सोंग, नवा पोशाख

मराठी माणसाला ‘तोतया’ हा शब्द इतिहासाने शिकविला आहे. १७६१ च्या पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले; त्यानंतर काही वर्षांनी आपणच भाऊसाहेब आहोत असे सांगणारा एक इसम प्रकटला, त्याच्यामागे माणसे जमली, प्रदेश त्याच्या हाती गेला आणि अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. तोतयाचे सामर्थ्य त्याच्या स्वतःच्या अंगी नसते. ज्याचे सोंग त्याने घेतलेले असते, त्याच्याविषयी लोकांच्या मनात असलेल्या आदरावर किंवा धाकावर तो जगतो. पडद्यावरच्या पोलिसाचेही तेच आहे.

हे नवे सोंग प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसले ते युरोपात. २०१२ च्या सुमारास ‘रेव्हेटॉन’ नावाचा एक घातक प्रोग्रॅम तेथे पसरला. त्याची चलाखी अशी की, संगणक ज्या देशातला असेल त्या देशाच्या पोलिसांचा वेष तो घेई. जर्मनीत संघीय पोलीस, ब्रिटनमध्ये लंडनचे महानगर पोलीस, अमेरिकेत एफबीआय. भाषा त्या त्या देशाची आणि दंडही तेथल्याच चलनात. पैसे मात्र बँकेतून नव्हे, तर दुकानात मिळणाऱ्या आगाऊ भरणा केलेल्या कुपनांच्या क्रमांकाने मागितले जात, कारण त्या वाटेने गेलेल्या पैशाचा माग काढणे अवघड. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनचे पोलीस व युरोपोल यांनी या टोळीतील एकूण ११ जणांना पकडल्याचे जाहीर केले. म्होरक्या समजला जाणारा २७ वर्षांचा रशियन तरुण दुबईत सापडला. टोळी पकडली गेली, परंतु युक्ती उरली. २०१४ पासून तीच युक्ती अँड्रॉइड मोबाइलवर दिसू लागली.

भारतात ती आली तेव्हा तिने अशोकस्तंभ धारण केला आणि रक्कम रुपयांत सांगितली. काही वर्षांपूर्वी दिल्ली पोलिसांनी अशा खोट्या नोटिसा पाठविणाऱ्या टोळीतील काही तरुणांना तमिळनाडूतून पकडले. ही मंडळी एकेका माणसाकडून सुमारे ३००० रुपयांचा ‘दंड’ घेत असत. रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली होती. एवढ्यासाठी कोण बोभाटा करील, हा त्यांचा हिशेब. इतर काही पानांवर ही मागणी २५-३० हजारांपर्यंत जाते आणि तेथेच कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत व मागील तीन अंक मागितले जातात. अशा वेळी जाते ती केवळ सांगितलेली रक्कम नव्हे. कार्डाची सारी माहितीच चोराच्या हाती पडते.

पान कसे उघडते आणि त्याला आपले शहर कसे कळते?

रेव्हेटॉन हा संगणकात शिरून बसणारा प्रोग्रॅम होता. आज दिसणारी बहुतेक पाने त्याहून फार साधी असतात. ते केवळ एक संकेतस्थळ असते आणि ब्राउझरने ते ‘पूर्ण पडदा’ या अवस्थेत उघडलेले असते. चित्रपट पाहताना आपण जशी चौकट मोठी करतो, तशीच ही. त्यामुळे वरची पट्टी, पत्ता व फुली झाकली जातात. काही पानांवर खऱ्या ब्राउझरसारखी दिसणारी खोटी पट्टीही चितारलेली असते आणि तिच्यात शासकीय वाटणारा पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता म्हणजे भिंतीवर रंगविलेले दार होय.

आपले शहर, इंटरनेट पुरविणारी कंपनी, संगणकाचा प्रकार ही माहिती पाहून माणूस हबकतो. वस्तुतः आपण ज्या ज्या संकेतस्थळावर जातो त्या प्रत्येकाला ही माहिती ढोबळमानाने मिळतच असते. हवामानाचे पान उघडताच आपल्याच गावाचे तापमान दिसते ते याच कारणाने. तिच्यावरून आपले नाव वा घराचा पत्ता त्या पानाला कळत नाही. ‘आपले छायाचित्र घेतले आहे’ असेही लिहिलेले असते; परंतु आधुनिक ब्राउझर आपली परवानगी विचारल्यावाचून संकेतस्थळाला कॅमेरा वापरू देत नाही.

एक गोष्ट विशेष आवर्जून सांगावयाची ती अशी की, हे पान दिसले म्हणजे पाहणाऱ्याने काही गैर केले, असे मुळीच नाही. फुकट चित्रपट वा सामने दाखविणारी स्थळे, पत्ता टंकताना झालेली एका अक्षराची चूक, चांगल्या स्थळावर शिरलेली खोटी जाहिरात, यांपैकी कोणत्याही वाटेने ते उघडते. जाळे टाकणारा कोणाला निवडून टाकीत नाही. ज्याच्या मनात आधीच काही खंत आहे तो आपोआप अडकतो, आणि ज्याच्या मनात काहीच नाही तोही पोलिसांच्या नावाने घाबरून अडकतो.

पारख कशी करावी?

बँकेत धनादेश पडताळताना कागद किती देखणा आहे हे पाहत नाहीत. तारीख कोणती, सही कोणाची, रक्कम अंकी व अक्षरी एक आहे का, पैसा कोणाच्या नावे जाणार, कोठे खाडाखोड आहे का, एवढेच पाहतात. तीच सवय येथे लावावी.

पहिला प्रश्न अधिकाराचा. गुन्ह्याबद्दल दंड ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे आणि तोही आरोप सिद्ध झाल्यानंतर. वाहतुकीच्या नियमभंगाबद्दल जागेवर किंवा ई-चलनाने घेतले जाणारे तडजोड शुल्क हा त्याला परिचित असलेला अपवाद. पण ई-चलनही कोणाचा पडदा अडवीत नाही आणि ते खरे की खोटे हे परिवहन खात्याच्या अधिकृत स्थळावर आपण स्वतः जाऊन, आपल्या वाहनाचा क्रमांक घालून पाहू शकतो. लहान मुलांच्या शोषणाचा मजकूर पाहणे वा बाळगणे यांसारखा आरोप या पानांवर हमखास असतो. तो गुन्हा अतिशय गंभीर आहे, यात शंका नाही. म्हणूनच तो कार्डाने ३००० वा ३०,००० रुपये भरून मिटणारा नव्हे. त्याचा तपास करणारे पोलीस दारी येतात, पंचनामा करतात, साधने जप्त करतात. पैसे घेऊन सोडून देण्याची भाषा हीच लबाडीची सही समजावी.

दुसरा प्रश्न पद्धतीचा. पोलिसांना एखाद्याला चौकशीस बोलवावयाचे असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये तशा नोटिशीची तरतूद आहे. अशा नोटिसा व्हॉट्सॲप वा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावू नयेत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला आणि जुलै २०२५ मध्ये तो कायम ठेवला. न्यायालयाचे समन्स आता काही बाबतींत इलेक्ट्रॉनिक रीतीने येऊ शकते, हे खरे. तथापि समन्स म्हणजे अमुक तारखेस अमुक न्यायालयात हजर राहण्याचा आदेश. त्यात खटल्याचा क्रमांक असतो, न्यायालयाचे नाव असते. धावते घड्याळ आणि कार्डाचा क्रमांक लिहिण्याची चौकट त्यात नसते.

तिसरा प्रश्न पैशाचा. शासनाकडे जाणाऱ्या प्रत्येक रुपयाला पावती असते. महाराष्ट्र शासनाचा भरणा ‘ग्रास’ या प्रणालीतून होतो आणि त्याचे क्रमांकित चलन मिळते. ज्या पानावर पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा होणार याचा पत्ता नाही, किंवा जेथे भेटकार्डाचा क्रमांक, आभासी चलन अथवा एखाद्या खासगी व्यक्तीच्या नावाचा यूपीआय मागितला जातो, तेथे शासन नाही.

चौथा प्रश्न घाईचा आणि मौनाचा. खरी नोटीस माणसाला वेळ देते, वकिलाचा सल्ला घेऊ देते. तोतया वेळ देत नाही आणि कोणाला सांगू नका असे बजावतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की अन्य पुराव्याची गरज उरत नाही.

याच पंथाचा मोठा भाऊ म्हणजे तथाकथित ‘डिजिटल अरेस्ट’. काही खोट्या पानांवर ‘अधिकाऱ्याशी बोला’ म्हणून एक क्रमांक दिलेला असतो. तो फिरविला की पलीकडचा माणूस व्हिडिओ कॉलवर गणवेशात दिसू लागतो किंवा दूरस्थ नियंत्रणाचे ॲप उतरवून घ्यावयास सांगतो. कायद्यात डिजिटल अटक अशी व्यवस्थाच नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये देशाला सांगितले होते, थांबावे, विचार करावा आणि मग कृती करावी, हा त्यांचा सल्ला या पानांनाही लागू आहे. तेव्हा पानावरील क्रमांक फिरवू नये. पोलिसांशी बोलावयाचेच असेल, तर आपल्या भागातील ठाण्यात जावे.

पान घालवावे कसे?

संगणकावर प्रथम एस्केपचे बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावे. न जमल्यास एफ ११ दाबावे. पूर्ण पडद्याची अवस्था संपते आणि वरची फुली दिसू लागते. एवढ्याने न भागल्यास विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तिन्ही बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ब्राउझरचे नाव निवडून ‘एंड टास्क’ म्हणावे. ॲपलच्या संगणकावर कमांड, ऑप्शन व एस्केप दाबून ‘फोर्स क्विट’ करावे. यांपैकी काहीच साधले नाही तर संगणक सरळ बंद करून पुन्हा चालू करावा. त्याने फार तर जतन न केलेले काम जाते.

ब्राउझर पुन्हा उघडताना तो ‘आधीची पाने परत उघडू का’ असे विचारतो. त्याला नकार द्यावा, अन्यथा तेच पान परत येते. मग कंट्रोल, शिफ्ट व डिलीट दाबून ब्राउझरचा साठलेला तात्पुरता मजकूर पुसावा. पडद्याच्या कोपऱ्यात नंतरही भीतिदायक सूचना येत राहिल्या, तर केव्हातरी कोणत्यातरी स्थळाला ‘अलाऊ’ म्हणून परवानगी दिली गेली आहे असे समजावे आणि ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’ या विभागातून अनोळखी स्थळांची नावे काढून टाकावीत.

मोबाइलवर प्रथम विमान-अवस्था, म्हणजे एअरप्लेन मोड, सुरू करावी. नंतर उघड्या ॲपच्या यादीतून ब्राउझर सरकवून काढावा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, ब्राउझरचे नाव अशा क्रमाने जाऊन ‘फोर्स स्टॉप’ करता येते. इंटरनेट बंद असतानाच ब्राउझर पुन्हा उघडून तो टॅब बंद करावा, म्हणजे पान नव्याने लोड होऊ शकत नाही. शेवटी इतिहास व तात्पुरता मजकूर पुसून विमान-अवस्था काढावी. आयफोनवर सफारी बंद करून सेटिंग्जमधून तिचा इतिहास व संकेतस्थळांचा मजकूर पुसला की पुरे.

क्वचित प्रसंगी मात्र हे केवळ पान नसते. लग्नपत्रिका, ई-चलन, एखादी शासकीय योजना अशा नावाखाली व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल कोणी उघडली असेल, तर मोबाइलमध्ये खरोखरच एक ॲप शिरलेले असते आणि फोन पुन्हा सुरू केला तरी तोच पडदा येतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा. बहुतेक फोनांत बंद करण्याचा पर्याय दिसल्यावर तो बोटाने दाबून धरला की हा मार्ग मिळतो. त्या अवस्थेत बाहेरून घातलेली ॲपे चालत नाहीत. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपला दिलेला ‘डिव्हाइस ॲडमिन’ हा अधिकार प्रथम काढून घ्यावा आणि मग ते ॲप काढून टाकावे. असे ॲप आपले संदेश वाचू शकते, म्हणजे ओटीपीही वाचू शकते. म्हणून दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून पासवर्ड व यूपीआय पिन बदलणे त्याच दिवशी करावे.

संगणकावरील फाइलींची नावे बदलली आहेत, त्या उघडत नाहीत आणि खंडणीची चिठ्ठी ठेवलेली आहे, असे दिसले तर प्रकरण निराळे व गंभीर. मे २०१७ मध्ये जगभर गाजलेला ‘वॉनाक्राय’ हा त्या जातीचा. असे झाल्यास संगणक तत्काळ इंटरनेटपासून व दुकानातल्या इतर यंत्रांपासून तोडावा आणि जाणकाराची मदत घ्यावी. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन संगणक-सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या स्थळावर अशा अनेक प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. दुकानाच्या हिशेबाची एक प्रत दर आठवड्यास वेगळ्या ड्राइव्हवर काढून तो ड्राइव्ह संगणकापासून अलग ठेवणारा व्यापारी मात्र या संकटातही निवांत झोपू शकतो.

पैसे गेले असतील तर

अशा वेळी मिनिटे महत्त्वाची असतात. सर्वप्रथम १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर फोन करावा. तेथे माहिती मिळताच ज्या खात्यात पैसा गेला तेथे तो रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. पैसा पुढच्या चार खात्यांत वाटला गेला की काम अवघड होते. त्याच वेळी बँकेच्या अधिकृत क्रमांकावर वा ॲपमधून कार्ड बंद करावे. कार्ड बंद करणे टाळून ‘तीनच हजार तर गेले’ असे म्हणणाऱ्यांच्या खात्यातून पुढील रकमाही जातात. पडद्याचे छायाचित्र दुसऱ्या फोनने काढून ठेवावे, व्यवहाराचा क्रमांक व वेळ टिपून ठेवावी आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या शासकीय स्थळावर लेखी तक्रार नोंदवावी.

नियमही ठाऊक असावेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार पडत नाही. परंतु कार्डाची माहिती वा ओटीपी ग्राहकाने स्वतः दिली असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. कळविल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेचे. याचा अर्थ उघड आहे. प्रत्येक तासाचे मौन ग्राहकाच्या खर्चाने चालते.

शासकीय सेवकाचे सोंग घेणे, खंडणी उकळणे आणि तोतयेगिरीने फसविणे हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार करणारा येथे फिर्यादी असतो. तो आरोपी नसतो, आणि ठाण्यात जाताना हे मनाशी पक्के असावे.

घरातली बाजू

येथवरचे सारे तांत्रिक व व्यावहारिक झाले. ते एखाद्या जाणत्या तरुणाकडून अर्ध्या तासात शिकता येईल. त्याहून अवघड गोष्ट निराळीच आहे.

माझ्या परिचयातील एका किराणा व्यापाऱ्यांचा मुलगा बारावीत आहे. फुकट दिसणारा क्रिकेटचा सामना शोधताना त्याच्यासमोर असे पान उघडले. दुकानाच्या गल्ल्याशेजारी वडिलांचे कार्ड होते, ओटीपी त्यांच्याच फोनवर आला आणि फोन गल्ल्यावरच होता. त्याने पैसे भरले. नंतर त्याच कार्डावरून आणखी दोन रकमा गेल्या. चार दिवस मुलगा जेमतेम जेवत होता, शाळेतून आला की खोलीचे दार लावून घेत होता. घरच्यांना वाटले, परीक्षेचा ताण. पाचव्या दिवशी वडिलांनी बँकेचे संदेश ताळून पाहिले तेव्हा उलगडा झाला.

वडिलांनी विचारले, “काय बघत होतास?” मुलगा म्हणाला, “अण्णा, नुसती मॅच होती,” आणि रडू लागला. वडील पुन्हा तेच विचारणार, इतक्यात त्याची आजी मध्ये पडली. म्हणाली, “काय बघत होता ते राहू दे. चार दिवस पोलीस येणार म्हणून एकटा बसला होता लेकरू. आधी जेवू घाल त्याला.” तक्रार नोंदविली, कार्ड बंद केले; परंतु चार दिवस उलटून गेले होते आणि पैसे परत आले नाहीत. तरीही त्या आजींनी प्रश्नांचा जो क्रम लावला तो कोणत्याही सायबर-तज्ज्ञाने लावला नसता, असे मला वाटते.

याला अतिशयोक्ती समजू नये. ब्रिटनमध्ये काही वर्षांपूर्वी १७ वर्षांच्या एका मुलाला पोलिसांच्या नावे असाच खोटा संदेश आला. बेकायदा स्थळे पाहिल्याचा आरोप आणि १०० पौंडांची मागणी. त्याने घरी कोणाला काही सांगितले नाही आणि आपले जीवन संपविले. मागितलेली रक्कम एवढीशी, आरोप संपूर्ण खोटा. चार वाक्ये आईजवळ बोलला असता तर पुढचे सारे टळण्याची वाट मोकळी झाली असती. त्या बोलण्याच्या आड जे उभे होते, ते संगणकात नव्हते.

आपल्या घरांत अब्रू हा मोठा शब्द आहे आणि तो असावाही. पण अब्रूच्या धाकाने मूल चोराला पैसे देते आणि बापाला सांगत नाही, अशी अवस्था आली तर तो धाक चोराच्या कामी येतो. हे केवळ मुलांचे नाही. नव्याने मोबाइल शिकलेले आजोबा, दुकानातला संगणक हाताळणारा नोकर, परगावी वसतिगृहात राहणारी मुलगी, यांपैकी कोणाच्याही समोर हे पान उघडू शकते. प्रौढ माणूस तर अधिकच गप्प बसतो, कारण आता या वयात लोक काय म्हणतील, ही चिंता त्याला असते.

म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट संकट येण्यापूर्वीच करावी. एखाद्या रात्री जेवताना हा विषय स्वतः काढावा. असे पान येते, ते खोटे असते, ते कोणालाही येते, आणि ते आले तर तू काय पाहत होतास असे या घरात कोणी विचारणार नाही, एवढे स्पष्ट शब्दांत सांगावे. शेवटचे वचन पाळावे लागते, हे ध्यानात ठेवूनच द्यावे. मुलांच्या इंटरनेट वापराला वळण लावावयाचे असेल तर त्यासाठी दुसरा दिवस आहे; घाबरून आलेल्या मुलाची ती वेळ नव्हे. दुकानदारांनी नोकरांनाही हेच सांगावे. ‘पगारातून कापीन’ या एका वाक्यामुळे दुकानातला मुलगा पहिल्या तासात बोलणार नाही, आणि तो तासच तर हवा असतो.

याबरोबर थोडी शिस्तही लावून घ्यावी. कार्ड व ओटीपीचा फोन गल्ल्यावर एकत्र ठेवू नये. इंटरनेटवरील खरेदीसाठी कार्डाची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी ठेवावी आणि लागेल तेव्हाच वाढवावी. ब्राउझर व फोनची सुधारित आवृत्ती आली की ती घालावी. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, पाठविणारा सख्खा भाऊ असला तरी, त्याला फोन करून विचारल्याशिवाय उघडू नये. त्याचाही फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत १९३०, आपल्या बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक आणि घरातील ज्याला प्रथम हाक मारावयाची त्याचे नाव लिहून तो संगणकाजवळ लावावा. खाली एक ओळ घालावी: ‘पडद्यावर पोलीस आले तर पैसे भरू नका, आधी मला बोलवा.’ ज्या घरांत आजी-आजोबांना वाचावयास अक्षर मोठे लागते, तेथे ते आणखी मोठे काढावे.